दहाव्या कॉम्प्युटरचा मोर

मदरबोर्ड बसवून झाला, सगळे स्क्रू आवळून झाले आणि कॅबिनेट फिरवलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मागे वीतभर लांबीचं भोक उघडंच राहिलं आहे.

तिथे भोक असतंच. की-बोर्ड, माऊस, प्रिंटर, स्पीकर या सगळ्यांच्या तारा तिथूनच जोडायच्या असतात. पण त्या भोकावर एक पातळ पत्र्याची पट्टी बसते आणि तिला ज्या त्या तारेपुरती, कुठे गोल, कुठे चौकोनी, अशी नेमकी भोकं असतात. पट्टी नसली तरी कॉम्प्युटर चालतो. फक्त मागून आतलं सगळं दिसतं आणि आत ज्याला यायचं असेल त्याला खुशाल येता येतं.

मी टेबलाखाली बघितलं, खुर्चीखाली बघितलं, स्वतःच्या ओढणीत बघितलं. मदरबोर्डचं खोकं आदल्या संध्याकाळीच कोल्हापूरहून एसटीने आलं होतं. ते मी माझ्या हाताने उघडलं होतं आणि रिकामं झाल्यावर पालथं करून झटकलंही होतं. म्हणजे पट्टी त्यात नव्हतीच. माझा संताप झाला. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि संताप होण्यासाठी मला फार कारण लागत नसे.

दुकानदार शहापुरे यांना मी फोन लावला. ते शांत होते.

"मॅडम, पट्टी मी माझ्या हातानं खोक्यात टाकलीय."

"मग काय ती वाटेत उत्तूरला उतरली?"

शहापुरे म्हणाले, दुसरी मागवतो, पण प्रत्येक मदरबोर्डची पट्टी वेगळी असते, पुण्याहून यायला आठ दिवस लागतील. मी त्यांना आणखी दोनचार शब्द सुनावले आणि फोन आपटला.

आठ दिवस माझ्याकडे नव्हते. गुरुवार उजाडला होता आणि शनिवारी सकाळी अकरा वाजता तपासणी होती.

ही २००४ सालची गोष्ट. आजऱ्याच्या बाजारपेठेत, एका खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझा कॉम्प्युटर क्लास होता. सरकारमान्य कोर्सची परीक्षा आपल्याच गावात व्हावी म्हणून मी अर्ज केला होता. परीक्षा केंद्रासाठी दहा कॉम्प्युटर लागत. नऊचे नऊच राहिले तर अर्ज बाद. दहावा उन्हाळ्यात वीज पडून जळाला होता, त्याच्यासाठीच हा नवा मदरबोर्ड. आणि नियमांच्या कागदात नववा नियम असा होता की कॅबिनेट सर्व बाजूंनी बंद असावं. आमच्याकडे येणारे तपासणीस दिवेकर साहेब हा नियम फार मनावर घेतात, असं ऐकिवात होतं. एका केंद्रावर ऐन परीक्षेत कॅबिनेटमध्ये पाल शिरून काहीतरी जळालं, तेव्हापासून ते टॉर्च घेऊनच फिरतात म्हणे.

केंद्र मिळालं नाही तर माझ्या विद्यार्थ्यांनी परीक्षेला कोल्हापूरला जायचं होतं, दोन दिवस. मुलगे गेले असते. पण माझ्याकडे चौदा बायका-मुली होत्या आणि त्यांतल्या अकरा जणींनी आधीच सांगून ठेवलं होतं की घरचे सोडणार नाहीत. त्या अकरांतली एक सारिका.

सारिकाचा नवरा सैन्यात होता. तालुक्याच्या दूध संस्थेत कारकुनाची एक जागा निघाली होती, तिला ती मिळण्यासारखी होती, फक्त कॉम्प्युटरचं प्रमाणपत्र महिनाअखेरीला दाखवायचं होतं. तिच्या सासऱ्यांनी सांगितलं होतं, परीक्षा आजऱ्यात असली तर दे, कोल्हापूरची भानगड नको. आणि सासूने? सासूनेच तर तिला माझ्याकडे आणलं होतं. हौसाक्का एक दिवस जिना चढून आल्या, सगळ्या कॉम्प्युटरांकडे एकदा बघून घेतलं आणि म्हणाल्या, "माझ्या सुनेला शिकीव. मी तुझा क्लास झाडती." व्यवहार ठरला. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्या येऊन क्लास आरशासारखा लख्ख करून जात. मला त्या मॅडम म्हणायच्या, पण अहो-जाहो मात्र त्यांनी कधी केलं नाही. मीही मग चार दिवसांत तुम्हीवरून अक्का-तूवर आले.

गुरुवारी दुपारी मी पुठ्ठ्याची पट्टी कापून बघितली. ती प्रिंटरच्या भोकापाशी फाटली. दुसरी माऊसपाशी फाटली. तिसऱ्या पट्टीला सारिका म्हणाली, "मॅडम, दस्तगीरचाचांना दाखवूया का? बाजारात पेट्या, नरसाळी करतात ते."

मला ते हास्यास्पद वाटलं. मी बी.एस्सी. झालेले, पुण्यात सहा महिने हार्डवेअर शिकून आलेले. कॉम्प्युटर म्हणजे काय धान्याची कणगी आहे, असं मी तिला विचारलं.

हौसाक्का कोपऱ्यात कागदाचे बोळे गोळा करत होत्या. वर न बघता त्या म्हणाल्या, "पत्रा तो पत्रा."

पुठ्ठ्याची चौथी पट्टी फाटल्यावर मला हे पटलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, बाजार भरलेला. रिक्षा पेठेत शिरणं शक्य नव्हतं. मी कॅबिनेट उचलून चार पावलं गेले आणि खाली ठेवलं. तेव्हा हौसाक्कांनी पदराची चुंबळ केली, कॅबिनेट डोक्यावर घेतलं आणि घागर न्यावी तशा चालू लागल्या. मी मागे, सारिका पुढे वाट करत. मिरचीवाल्या बायका विचारत होत्या, काय गं हौसे, डोक्यावर काय? हौसाक्का मान न हलवता सांगत होत्या, "कॉम्प्युटर. सुनेचा." मी माझा म्हणून सांगायला तोंड उघडलं होतं, मग मिटून घेतलं.

दस्तगीरचाचांचं दुकान म्हणजे एक फळी, तिच्यावर ते, आणि त्यांच्या डोक्यावर दोरीला टांगलेला सगळा संसार. चाळण्या, नरसाळी, अडीसरी-मापटी, रांगोळीचे छाप, कंदिलाची टोपणं. प्लास्टिक आल्यापासून यातलं फारसं काही खपत नव्हतं. पासष्टीचे असतील, चष्म्याची एक दांडी सुतळीची. त्यांनी कॅबिनेट मांडीवर घेतलं आणि डॉक्टरने रोग्याला विचारावं तसं एकेक विचारायला लागले. हे गोल कशाला? हे लांबट कशाला? ही तीन बारकी एका रांगेत का? मी सांगत गेले. माऊस, की-बोर्ड, प्रिंटर, स्पीकर, माईक. सगळं ऐकून ते म्हणाले, "म्हणजे ज्याला त्याला आपापला दरवाजा पायजे. आणि दरवाज्याशिवाय कुणी आत यायचं न्हाई."

इतकं सरळ मला वर्गात कधी सांगता आलं नव्हतं.

मी फूटपट्टी काढून मापं घ्यायला लागले, तर चाचांनी माझा हात बाजूला केला. मापाने केलं तर एक सूत इकडेतिकडे होणारच, म्हणाले. ठसा घेऊ. त्यांनी वाटीत गेरू घेतला, त्यात दोन थेंब तेल टाकलं. मी घाबरले. गेरू आत गेला म्हणजे मदरबोर्डचं वाटोळं. मी तसं म्हणताच हौसाक्कांनी कमरेच्या पिशवीतून कापूस काढला आणि मांडीवर भराभर वाती वळायला सुरुवात केली. समईच्या वाती वळायचा त्यांचा हात. एकेका भोकात एकेक वात ठासली. चाचांनी बोटाच्या टोकाने फक्त कडांना गेरू लावला आणि जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून वरून दाबलं. पान उचललं तेव्हा सगळी दारं कागदावर तांबडी उमटली होती, रेघ न रेघ. मी मनातल्या मनात शहापुऱ्यांना आणखी एक शिवी दिली आणि चाचांना नमस्कार केला.

पत्रा शेंगतेलाच्या डब्याचा होता. आतून कोरा, चकचकीत. बाहेरून हिरव्या रंगावर निळा मोर आणि 'शुद्ध शेंगतेल' अशी अक्षरं. चाचांनी विचारलं, कुठली बाजू बाहेर घ्यायची?

"कोरी," मी म्हणाले. "मोर आत."

हे मी अगदी अधिकाराने सांगितलं. कोऱ्या बाजूवर तो ठशाचा कागदही मीच चिकटवून दिला, खळ लावून, एक सुरकुती न पाडता.

छिन्नी, हातोडी, कानस. चाचा कामाला लागले. पाऊण वाजता नमाजाला गेले, आम्ही तिघींनी फळीवर बसून हौसाक्कांची भाकरी आणि ठेचा खाल्ला. परत येऊन पुन्हा लागले. बाजारातली माणसं थांबून बघत होती. कुणी विचारलं की चाचा सांगत, "कॉम्प्युटरचा पार्ट बनवायलोय," आणि पुढे विचारणाऱ्याने तोंडात बोट घालायची वाट बघत थोडं थांबत. प्रत्येक भोकाच्या कडेवरून ते अंगठा फिरवून बघत, खरखर लागली की पुन्हा कानस. शेवटी चारी कडा मोराच्या बाजूला दुमडल्या, म्हणजे पट्टी आतून चौकटीत घट्ट बसेल. चार वाजता पट्टी तयार झाली. इतकी देखणी होती की मी ती हातात घेऊन उगाच उन्हात फिरवली.

मदरबोर्ड सोडवून मी पट्टी चौकटीला लावली. बसली. मग मदरबोर्ड पुढे सरकवला.

माऊसचं दार डाव्या बाजूला होतं. पट्टीतलं गोल भोक उजव्या बाजूला होतं.

मी मदरबोर्ड मागे घेतला, पुन्हा सरकवला. जणू दुसऱ्यांदा त्याला लाज वाटून तो जागा बदलणार होता. सगळीच दारं उलटी. पहिलं शेवटी, शेवटचं पहिलं. आणि मग मला कळलं की ठसा उलटाच उमटतो, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, आणि बी.एस्सी. झालेल्या मी तो मोठ्या दिमाखाने कोऱ्या बाजूला चिकटवून वर कोरी बाजू बाहेर घ्या म्हणून सांगितलं होतं.

मला रडू आलं. आलं ते आलं, भर बाजारात आलं. उद्या अकरा वाजता दिवेकर साहेब टॉर्च मारणार आणि अकरा जणी घरी बसणार, आणि त्यांतल्या एकीची सासू आत्ता माझ्यासमोर उभी होती, जिने डोक्यावरून ते कॅबिनेट इथवर आणलं होतं. मी तिच्याकडे बघूच शकले नाही.

हौसाक्कांनी पट्टी माझ्या हातातून घेतली. इकडून बघितली, तिकडून बघितली.

"रडाय काय झालं? उलटी झालीया न्हवं? मग उलटी कर की. भाकरी काय आपण एकाच बाजूनं भाजतो?"

चाचा एकदम हसायला लागले. हसता हसता त्यांचा सुतळीचा चष्मा घसरला. "खरं हाय बाळ. उलटली की बरोबर बसतीया. फक्त मोर भाईर येतोय."

खरंच होतं. पण कडा मोराच्या बाजूला दुमडल्या होत्या, त्या आता उलगडून दुसऱ्या बाजूला दुमडायच्या. चाचांचं हसू थांबलं. डब्याचा पत्रा एकदा वळतो, दुसऱ्यांदा वळवताना मर्जी असली तर वळतो, न्हाईतर तुटतो, असं ते म्हणाले. दुसरी पट्टी करायला उजेड उरला नव्हता. त्यांनी लोखंडी हातोडी बाजूला ठेवली आणि लाकडी मोगरी घेतली. कडेखाली सागाची फळी सरकवली. ठोकत नव्हते, नुसतं थोपटत होते. एक कड झाली. दुसरी झाली. तिसऱ्या कडेला बारीक आवाज आला तसं त्यांनी डोळे मिटले, आम्हीही मिटले. उघडले तेव्हा कड शाबूत होती. चौथी कड त्यांनी श्वास धरून वळवली आणि मग मोठ्याने श्वास सोडला.

पट्टी चौकटीत टक् करून बसली. मदरबोर्ड सरकवला. सगळी दारं आपापल्या जागी.

आणि मागच्या बाजूला, काळ्या कॅबिनेटच्या बरोबर मध्यात, हिरव्या रंगावर निळ्या मोराची मान, तुरा, आणि पलीकडे 'शुद्ध शें' एवढी अक्षरं. माईकचं भोक नेमकं मोराच्या डोळ्यावर आलं होतं.

मला ते लपवावंसं वाटलं. काळा रंग मारूया का, असं मी विचारलं. चाचांनी नकार दिला. "चार म्हैने झाले, कुणी अवघड काम आणलं न्हवतं," ते म्हणाले. "झाकू नको त्याला."

हौसाक्कांनी पुन्हा चुंबळ केली. जाताना बाजार उठत आला होता, त्यामुळे लोकांना मागून मोर नीट दिसत होता.

शनिवारी मी सकाळी आठलाच क्लासवर जाऊन बसले. दहावा कॉम्प्युटर कोपऱ्यात, भिंतीला जेवढा टेकवता येईल तेवढा टेकवला. हौसाक्का नऊला आल्या, झाडून-पुसून झाल्यावर जिन्याखाली पायरीपाशी काहीतरी करत बसल्या. सारिका नवी साडी नेसून आली होती. परीक्षा नव्हती, नुसती तपासणी होती, तरी चौदाच्या चौदा जणी आल्या आणि खालच्या खताच्या दुकानापाशी घोळका करून उभ्या राहिल्या.

दिवेकर साहेब अकराला पाच मिनिटं कमी असताना आले. किडकिडीत माणूस, हातात यादी, खिशात टॉर्च. खालचा घोळका टाळून मागच्या दाराने, खतवाल्याच्या गोदामातून वर आले. चहा नको म्हणाले. पहिल्या कॉम्प्युटरपासून सुरुवात केली. चालू करून बघितला, बंद केला, मग कॅबिनेट फिरवून मागे टॉर्च मारला. दुसरा. तिसरा. मी मनात देवाला सांगत होते की टॉर्चचे सेल संपू देत. देवाने ऐकलं नाही. दहावा चालू झाला, बंद झाला. त्यांनी कॅबिनेट भिंतीपासून ओढलं आणि टॉर्च मारला.

उजेड मोराच्या मानेवरून तुऱ्यापर्यंत गेला आणि परत आला.

"मॅडम, हा मोर आहे."

"हो, साहेब."

"का?"

मी सगळं सांगितलं. पट्टी आली नाही, आठ दिवस लागणार होते, चाचा, गेरू, वाती, उलटा ठसा. भाकरीचंही सांगितलं. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सांगता सांगता सारिकाचंही सांगून टाकलं, दूध संस्थेचं, सासऱ्यांचं. ते ऐकत होते की नाही, कळत नव्हतं. ते जमिनीवर उकिडवे बसले. सगळ्या तारा एकेक करून काढल्या, परत लावल्या. करंगळी प्रत्येक भोकाच्या कडेने घालून बघितली, कुठेच जाईना. अंगठा कडेवरून फिरवला. मग खिशातून नियमांचा कागद काढून नववा नियम पुन्हा वाचला.

"सर्व बाजूंनी बंद असावं, एवढंच लिहिलंय," ते म्हणाले. "चित्राबद्दल काही नाही."

त्यांनी यादीत दहावी खूण केली, खाली सही केली आणि कागद माझ्या हातात दिला. मी खिडकीतून खाली बघून मान हलवली, आणि खतवाल्याच्या दुकानापाशी चौदा बायकांनी असा कल्ला केला की समोरच्या बँकेतला शिपाई धावत बाहेर आला. दिवेकर साहेबांनी आता चहा चालेल म्हणून सांगितलं. चहा पिताना चाचांचा पत्ता लिहून घेतला. त्यांच्या स्वतःच्या ऑफिसात तीन कॉम्प्युटर मागून उघडे होते.

मी त्यांना सोडायला पुढच्या जिन्याने खाली आले. शेवटच्या पायरीवर त्यांचा उचललेला पाय तसाच हवेत राहिला.

पायरीखाली रांगोळी होती. मधे कमळ, आणि कमळाच्या भोवती चारी बाजूंनी वेलबुट्टीसारखी एकच नक्षी पुन्हा पुन्हा. एकावर एक दोन गोल. मग दोन चपटे चौकोन. मग एक लांब, बाजू तिरक्या असलेला. मग तीन बारके गोल एका रांगेत. वरच्या गोलात हळद भरलेली, खालच्यात कुंकू, प्रिंटरमध्ये नीळ.

मी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. तिथे उभ्या असलेल्यांत ती नक्षी वाचता येणारी आम्ही दोघंच होतो.

"ही रांगोळी कुणी काढली?" त्यांनी विचारलं.

"मी," हौसाक्का म्हणाल्या आणि पदर सारखा केला. "छाप नवीन हाय. खोक्याच्या बुडाला डबल पुठ्ठा हुता, त्याच्या खाली घावला. मॅडमनं खोकं टाकून दिलं हुतं. म्हटलं, साहेब येणार हाय तर नवीनच छाप काढावा."

दिवेकर साहेब आधी खोकले. मग त्यांना राहवेना. त्यांनी खांबाला हात टेकला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि मीही, त्या आठवड्याचं सगळं हसू एकदम. बाकीच्या बायका आमच्याकडे बघून नुसत्याच हसायला लागल्या. अक्कांनी विचारलं, काय झालं? मी सांगितलं, काही नाही अक्का, साहेबांना तुझी रांगोळी फार आवडली. अक्कांनी माझ्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, साहेबांना पाणी आणते म्हणाल्या आणि वर गेल्या. थोड्या वेळाने रिकाम्याच हाताने खाली आल्या. साहेब तोवर रांगोळीला वळसा घालून निघून गेले होते.

मी शहापुऱ्यांना फोन करून माफी मागितली. पट्टी उत्तूरला उतरली नव्हती, थेट आजऱ्यापर्यंत आली होती, असं सांगितलं. रांगोळीचं ऐकून ते म्हणाले, मॅडम, पुढच्या मदरबोर्डबरोबर दोन पट्ट्या पाठवतो, एक तुमची, एक अक्कांची.

परीक्षा आजऱ्यात झाली. चौदा जणी बसल्या, तेरा पास झाल्या, आणि चौदावी पुढच्या खेपेला. सारिका महिना संपायला दोन दिवस असताना प्रमाणपत्र घेऊन दूध संस्थेत गेली ती अजून तिथेच आहे, आता तिच्या हाताखाली तिघे आहेत. दस्तगीरचाचांनी नंतर कितीतरी पट्ट्या केल्या. गडहिंग्लज, चंदगडाहून लोक यायचे. गंमत म्हणजे सगळे चित्राची बाजूच बाहेर मागायचे. कुणाच्या मागे सूर्य, कुणाच्या मागे नारळ, एका वकिलांच्या मागे अख्खी गाय. म्हातारपणी हात थकेपर्यंत चाचा हे काम मिरवत राहिले.

आणि अक्कांना मी काहीच सांगितलं नाही. आपल्याच हातून सुनेची परीक्षा जाणार होती, हे त्यांना कशाला कळायला हवं, असं मला वाटलं. छापही मागितला नाही. इतकी वर्षं ही एक गोष्ट मी पोटात ठेवली, आणि ज्यांना माझा स्वभाव माहीत आहे ते याचं नवल करतील.

गेल्या दिवाळीत मी अक्कांकडे फराळाला गेले. अक्का आता पंचाहत्तरीला आल्या आहेत, गुडघे धरतात, तरी अंगणात पाटावर बसून रांगोळी काढत होत्या. छाप तोच. मी बोलता बोलता सांगितलं की तो दहावा कॉम्प्युटर शेवटी मोडीत काढला, पण मोराची पट्टी तेवढी काढून घेतली आणि घरी भिंतीवर लावली.

"बरं केलंस," अक्का म्हणाल्या. मग छाप उचलून झटकला आणि माझ्यापुढे धरला. "हा पण घे पायजे तर. तुझाच हाय."

मी छापावरून नजर उचलून त्यांच्याकडे बघितलं.

"तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. साहेब हसला, तू हसलीस, तवा मी वर जाऊन मोर बघितला. भोकं मोजली." त्या छापाची कड बोटाने पुसत होत्या. "पाणी आणायचं इसरून गेले बघ."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तू छाप परत घेतला असतास, न् मोर काढून टाकला असतास. म्हाताऱ्यानं जीव वतून केल्याला." छाप पाटावर ठेवत त्या म्हणाल्या, "आणि तू बी बोलली न्हाईस की. म्हटलं, पोरगी एवढी जपायलीया आपल्याला, तर आपण बी जपावं."

सारिका दारात चकल्यांची ताटली घेऊन उभी होती. तिचे डोळे भरले होते, म्हणजे तिलाही माहीत होतं. माझेही भरले. अक्कांना असल्या गोष्टींचा कंटाळा आहे. त्यांनी रंगाच्या वाट्या माझ्याकडे सरकवल्या.

"रडत बसू नको. इतकी वर्सं मी आपली अंदाजानं रंग भरतीया. तुझ्या कॉम्प्युटरला त्या भोकांचे रंग ठरल्यालं असत्यात, सारिका म्हणत हुती. कुठल्यात कुठला?"

"वरचा गोल माऊसचा," मी म्हणाले. "हिरवा."

"आणि खालचा?"

"जांभळा."

जांभळा रंग वाटीत नव्हता. सारिका तो आणायला आत गेली, आणि मी ओढणी खोचून अक्कांच्या शेजारी खाली बसले.